पाऊण इंचाचा उंदीर

मित्रांनो, मी शब्दकोशातलं एक जुनं कार्ड आहे, आणि मला न्याय मिळाला. अगदी रीतसर मिळाला. साहेबांनी चारचौघांत माफी मागितली, बाईंनी स्वतःच्या हाताने माझी लाल ओळ परत लिहिली आणि सामानकाकांनी सर्वांना चहा पाजला.

यातलं काहीही घडलेलं नाही. वरचा परिच्छेद तुम्ही वाचलाच नाही असं धरून चला. मीही तो सांगितला नाही असं धरून चालतो, आणि पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म कागदाच्या गिरणीत झाला. तिथे आम्ही सगळी भावंडं एकाच मोठ्या तावात होतो. कोण कुठे संपतो आणि कोण कुठे सुरू होतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग यंत्राने आम्हाला वेगळं केलं. सहा इंच उंच, चार इंच रुंद. तेव्हाही पातंच चाललं होतं, पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. जन्मासाठी कापणं वेगळं आणि सोयीसाठी कापणं वेगळं.

गिरणीतून मी एका कार्यालयात आलो. खाली चष्म्याचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर आम्ही. तिथे इंग्रजीतले शास्त्राचे शब्द गोळा करून आपल्या भाषेत त्यांचे अर्थ लिहायचं काम चालायचं. एका शब्दाला एक कार्ड. साडेसात हजार शब्द, साडेसात हजार कार्डं, आणि माणसं तीन.

पहिले संपादक साहेब. ते शब्दांकडे फारसं लक्ष देत नसत, पण खण नीट बंद झाले नाहीत तर त्यांना जेवण जात नसे. दुसरे सामानकाका. शाई, टाचण्या, किल्ल्या सगळं त्यांच्या ताब्यात. ते बाईंपेक्षा वयाने लहान होते, पण पोटाचा मान राखून सगळे त्यांना काकाच म्हणत. तिसऱ्या बाई. प्रत्येक शब्द मुळात कुठून आला हे शोधून काढायचं काम त्यांचं. त्यांना सगळे मूळबाई म्हणत. त्यांच्या तोंडावरही म्हणत, कारण त्यांना ते आवडायचं.

आमच्याकडे एक नियम होता. कार्डावर सर्वांत वर शब्द, त्याखाली अर्थ, त्याखाली समजावणी आणि अगदी तळाला, लाल शाईत, एका ओळीत शब्दाचं मूळ. हा नियम मूळबाईंचा. साहेबांनी एकदा सुचवलं होतं, की मूळ वरच्या कोपऱ्यात लिहिलं तर पटकन सापडेल. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की साहेब खिडकी उघडायला गेले. खिडकी उघडीच होती.

"झाडाचं मूळ कुठे असतं?" बाईंनी विचारलं.

"खाली."

"मग?"

या 'मग'वर बावीस वर्षं काम चाललं. मित्रांनो, आमचा घात याच 'मग'ने केला, पण तेव्हा तो फार शहाणा वाटायचा.

माझ्या डोक्यावर बाईंनी लिहिलं, 'मसल'. त्याखाली 'स्नायू'. त्याखाली दोन ओळी समजावणी. तळाची जागा मात्र दोन दिवस कोरीच राहिली. बाई तीन जाड पुस्तकांत डोकं घालून बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हाक मारली.

"काका, जरा इकडे या. शर्टाची बाही वर करा."

काका दारातच थांबले. "का हो बाई? काही टोचताय की काय?"

"दंड फुगवून दाखवा."

"बाई, लग्न झाल्यापासून हे मला कुणीच सांगितलेलं नाही."

"फुगवा म्हणते ना!"

काकांनी दंड फुगवला. पोटाइतका नाही, पण फुगला.

"आता हात सरळ करा. आता वाकवा. सरळ. वाकवा. साहेब, इकडे बघा, कसा पळतोय!"

"कोण पळतोय?" साहेबांनी पाय वर घेतले.

"उंदीर!"

काकांनी हात असा झटकला, की दौत पडता पडता वाचली. मग बाईंनी खुर्ची ओढून सांगितलं. फार जुन्या काळी लॅटिन बोलणाऱ्या लोकांनी कुणाचा तरी दंड असाच हलताना पाहिला. कातडीखाली काहीतरी इकडून तिकडे पळतंय. त्यांना वाटलं, लहानसा उंदीर! म्हणून त्या मांसाला त्यांनी नाव दिलं 'लहान उंदीर'. तोच शब्द झिजत झिजत इंग्रजीत आला आणि मसल झाला.

"आपण तर बेडकुळी म्हणतो," काका म्हणाले. "बेडकासारखी दिसते म्हणून."

"तेच तर! आपल्याला तिथे बेडूक दिसला, त्यांना उंदीर."

"बेडूक बरा. उंदीर कपडे कुरतडतो."

"अहो, पुढे ऐका. त्यांच्याकडे उंदराला 'मूस' म्हणायचे. आपला मूषक आणि त्यांचा मूस एकाच घरातले. हजारो वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी एका भाषेत दोघांचा पणजोबा होता. मुलं पांगली. एक मुलगा तिकडे गेला आणि दंडात शिरला, दुसरा इकडे राहिला." बाई थांबल्या. "काही पंडित म्हणतात, उंदराच्या नावाचा खरा अर्थ चोरणारा. पण ते नक्की नाही, म्हणून लिहीत नाही."

"म्हणजे माझ्या दंडात चोर आहे?"

"किल्ल्या तुमच्याकडे असतात, म्हणून मी काही बोलत नाही," साहेब मान वर न करता म्हणाले.

मग बाईंनी लाल पेन घेतलं आणि माझ्या तळाला लिहिलं: 'लॅटिन: लहान उंदीर. आपल्या मूषकाचा चुलतभाऊ.'

त्या दिवसापासून माझं नशीब पालटलं. मी खणात कमी आणि बाईंच्या टेबलावर जास्त राहू लागलो. कुणीही आलं, की बाई मला पुढे करत आणि आलेल्याला बाही वर करायला लावत. डॉक्टर आले, दंड फुगवून गेले. शाळेचे मास्तर आले, दोन्ही दंड फुगवून गेले. विजेचा मीटर वाचायला आलेला माणूससुद्धा, आधी जरा घाबरून, फुगवून गेला. प्रत्येक जण जाताना हसायचा आणि जिना उतरताना स्वतःचाच दंड चाचपायचा.

"हे माझं लाडकं कार्ड," बाई सर्वांना सांगत. "याच्या केसालाही मी धक्का लागू देणार नाही."

मला केस नव्हते. पण भावना पोचली, आणि मी ती खरी मानली.

पुढे आमच्या लाकडी खणांना वाळवी लागली. साहेबांनी ठरवलं, की लोखंडी कपाटं करून घ्यायची. कपाटवाल्या दुकानदाराला मापासाठी नमुना हवा होता. काका बाईंच्या टेबलाशी आले.

"बाई, एक कार्ड द्या."

बाईंनी मला दिलं. "हेच न्या. आणि त्याला उंदराची गोष्ट सांगा."

काकांच्या शर्टाचा खिसा लहान होता. मी वर डोकावू लागलो. रस्त्यावर वारा होता. उडून गेलो तर बाई रागावतील, म्हणून काकांनी काळजीपोटी मला तळाशी दुमडलं. बरोबर लाल ओळीच्या वर. पाऊण इंच.

खिशात कंगवा होता, पेन होतं आणि मागे काकांचं हृदय धडधडत होतं. हृदय हाही एक स्नायूच, म्हणजे माझा नातेवाईक. मी त्याला टेकून बसलो. इतकी ऊब मला कधी मिळाली नव्हती.

दुकानात काकांनी मला काढून फळीवर ठेवलं आणि उंदराची गोष्ट सांगायला सुरुवात केली. दुकानदाराने ऐकता ऐकता टेप लावला. "सव्वापाच," तो म्हणाला आणि लिहून घेतलं. मग त्यानेही दंड फुगवला.

मी जाड कागद आहे. जाड कागद मोकळा ठेवला, की दुमड आपोआप थोडी उघडते. मनावर घेतलं असतं तर मी तिथे उलगडू शकलो असतो. पण मोठी माणसं काम करत असताना मधे बोलू नये, असं मला कुणीतरी शिकवलं होतं. कुणी ते आठवत नाही. शिवाय मला खिशात परत जायचं होतं. तरी हा भाग फार महत्त्वाचा नाही, मित्रांनो. आपण पुढे जाऊ.

महिन्याभराने आठ कपाटं आली. हिरवी, चकचकीत, दारावर कोशाचं नाव पांढऱ्या रंगात. साहेबांनी पहिला खण कार्डांनी भरला आणि आत ढकलला. तो गेला नाही. सगळ्या कार्डांची डोकी पाऊण इंच वर येत होती. साहेब त्या दिवशी जेवले नाहीत.

"माप कुणी दिलं?"

"मी नाही दिलं," काका म्हणाले. "कार्डाने दिलं. कार्ड समोर ठेवून मोजलंय. दुकानदार साक्षीला आहे."

"कपाटं परत करा," बाई म्हणाल्या.

"अहो, नाव रंगवलंय त्यांच्यावर! आणि उद्घाटनाला पाहुणे ठरलेत. पाहुण्यांना काय सांगू? या, बसा, आमचे खण बंद होत नाहीत?"

"मग काय करणार?"

साहेबांनी मला टेबलावरून उचललं. दुमडीची खूण अजून तशीच होती. त्यांनी मला त्याच खुणेवर पुन्हा दुमडलं, अंगठ्याने दाबलं आणि नव्या खणात उभं केलं. मी अगदी मापात बसलो.

"पाऊणच इंच तर आहे," साहेब म्हणाले. "सगळ्यांची खालून पट्टी काढू."

"त्या पाऊण इंचात मुळं आहेत, साहेब! माझी बावीस वर्षं आहेत!"

"मुळं वर लिहून घ्या ना. वर जागा आहे. तीन आठवडे देतो."

"साडेसात हजार कार्डं आहेत."

"म्हणून तर तीन. नाहीतर दोनच देणार होतो."

बाईंनी मला खणातून काढलं. दुमडीवरून बोट फिरवलं. मग काकांच्या खिशाकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. आणि मला माझ्या जुन्या खणात ठेवून दिलं. त्यांच्या त्या बघण्याचा मी अजूनही विचार करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई लाल पेन घेऊन बसल्या आणि त्यांनी पहिला खण उघडला. इंग्रजी अक्षरांतला पहिला. ए.

मित्रांनो, कोशातल्या माणसांची एक खोड असते. घराला आग लागली, तरी ती वर्णानुक्रमानेच बाहेर पडतील. आधी आजोबा, मग आत्या, मग इतर. बाईंनी साडेसात हजार कार्डांपैकी जी मोलाची ती आधी, असं केलं नाही. ए संपला, बी घेतला. सकाळी आठला येत, दिवेलागणीला जात. जेवताना डाव्या हाताने जेवत, कारण उजवा हात लिहीत असे. दोनशे कार्डं दिवसाला. मीही कोशात राहून थोडं गणित शिकलो होतो. हे एमपर्यंत पोचणार नव्हतं.

पण मला काळजी नव्हती. मी लाडका होतो ना!

दहाव्या दिवशी दुपारी बाई खरंच माझ्या खणापाशी आल्या. मला बाहेर काढलं. लाल पेन हातातच होतं, टोपण काढलेलं.

"बाई, कुठे पोचलात?" साहेब मागून आले.

"जी."

"मग एमचं कार्ड हातात कसं?"

चोरून गूळ खाताना पकडलेल्या पोरीसारख्या बाई दचकल्या. "नुसतं बघत होते," त्या म्हणाल्या. आणि मला हळूच म्हणाल्या, "तुझा नंबर आला की."

मला आत ठेवलं. खण बंद झाला.

काकांना हे बघवेना. "बाई, ते एक तरी आधी उरका हो. सगळ्या गावाला दंड फुगवायला लावलेत त्याच्यापायी!"

"एकाला पुढे घेतलं, तर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने मागे ठेवू?" बाई म्हणाल्या. "प्रत्येकाचं मूळ मीच शोधलंय, काका. मला सगळी सारखी."

मी खणाच्या आतून ऐकत होतो. याच बाई मला लाडकं म्हणत होत्या. याच.

शेवटच्या दिवशी पुस्तकं बांधणारा बाइंडर त्याचं कापायचं यंत्र घेऊन आला. चार वाजायला दहा मिनिटं असताना बाईंनी एलचं शेवटचं कार्ड संपवलं. त्यांची बोटं लाल झाली होती, आणि ती सगळीच शाई नव्हती.

"चला बाई, खाली टेम्पो उभा आहे माझा," बाइंडर म्हणाला.

"एक मिनिट. एकच कार्ड."

"एकच हं."

बाईंनी एमचा खण उघडला. मी आत बराच मागे होतो. जमेल तेवढं अंग वर काढलं. बाईंचा हात कार्डांवरून चालत चालत मागे आला, आणि माझ्यावर थांबला. त्यांचं बोट माझ्या डोक्याला लागलं. मित्रांनो, मी तुम्हाला शपथेवर सांगतो, ते थांबलं होतं.

मग हात परत पुढे गेला. त्यांनी एमचं पहिलं कार्ड काढलं. मॅग्मा. जमिनीच्या पोटातला तप्त रस. त्याच्यावर त्यांनी लाल अक्षरांत लिहिलं, 'ग्रीक: मळलेला गोळा', फुंकर घातली आणि म्हणाल्या, "झालं. घ्या."

मॅग्माशी माझं वैर नाही. तो माझ्याआधी येतो, त्यात त्याचा काय दोष? पण त्याचं मूळ वाचलं हे त्याला अजून माहीतही नाही, इतका तो मठ्ठ आहे.

पातं माझ्या दुमडीवरूनच गेलं. तिथे कागद आधीच खचला होता. मला फारसं लागलं नाही, आणि हेच सर्वांत वाईट. माझा लहान उंदीर जमिनीवर पडला, त्याच्यावर मूळ वर न उतरलेल्या आणखी साडेतीन हजार पट्ट्या पडल्या, आणि काकांनी झाडू मारून सगळ्यांना एका पोत्यात भरलं.

उद्घाटन छान झालं. पाहुण्यांनी एक खण उघडला आणि बंद केला. टाळ्या पडल्या. त्यांनी पुन्हा उघडला आणि पुन्हा बंद केला. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढे कोश छापून आला. एपासून एलपर्यंतच्या शब्दांना मुळं आहेत. एममध्ये एकट्या मॅग्माला आहे. त्यानंतर कुणालाच नाही. साहेबांनी प्रस्तावनेत लिहिलं, 'उर्वरित शब्दांची मुळं काळाच्या ओघात नष्ट झाली आहेत.' काळाच्या ओघात म्हणजे दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. एका शाळेतून पत्र आलं, मुलं विचारतात की मसलला मसल का म्हणतात? कार्यालयाने माझ्यावरूनच उत्तर पाठवलं: 'मूळ अज्ञात'. ते पत्र लिहिताना काकांनी एकदा स्वतःच्या दंडाकडे पाहिलं, आणि मग शिक्का मारला.

वर्षभराने बाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी काहीच मागितलं नाही, फक्त ते पोतं मागितलं. मग त्या माझ्या खणापाशी आल्या. मला बाहेर काढलं आणि जिथे मी संपतो त्या कडेवरून बोट फिरवलं.

"त्या दिवशी दुकानात जरा उलगडला असतास तर," त्या म्हणाल्या, आणि वाक्य तिथेच सोडलं.

म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. मलाही बोलता आलं असतं तर मी म्हणालो असतो, बाई, त्या दिवशी तुमचा हात जरा थांबलेलाच राहिला असता तर. आम्ही दोघंही अर्ध्या वाक्यावर राहिलो. खण बंद झाला. नवे खण फार छान बंद होतात.

आता काका अधूनमधून बाईंच्या घरी जातात आणि येऊन साहेबांना हकिगत सांगतात. ती मला कपाटातून ऐकू येते. पट्ट्यांवर नुसतं मूळ आहे, शब्द नाही. तो राहिला आमच्या डोक्यावर. तरी बाई एकेक पट्टी हातात घेतात, कुठल्या शब्दाची ते आठवतात आणि वहीत उतरवतात. एमपासून झेडपर्यंत. वर्णानुक्रमाने, हे सांगायला नकोच. दोन वर्षांत वही पूर्ण झाली.

"सगळे आले?" साहेबांनी विचारलं.

"एक सोडून सगळे," काका म्हणाले. "मसल नाही लिहिलं. मी विचारलं, अहो बाई, तुमचं लाडकं राहिलं की! तर म्हणाल्या, ते कशाला लिहायचं, ते मला पाठ आहे."

साहेब हसले. काकाही हसले. मग काका जरा थांबून म्हणाले, "पाठ आहे म्हणतात खरं. पण हल्ली चष्मा कपाळावर असतो आणि बाई घरभर चष्मा शोधत असतात. परवा मला दोनदा विचारलं, तुम्ही कोण?"

साहेबांनी एक खण उघडला आणि पुन्हा बंद केला.

बाईंनी वही दुसऱ्या आवृत्तीसाठी कार्यालयाकडे पाठवली. ती परत गेली. 'सदर वही कार्डाच्या आकाराची नसल्यामुळे खणात ठेवता येत नाही, सबब स्वीकारता येत नाही.'

मित्रांनो, माझ्या आयुष्यातून तुम्ही एवढं तरी शिका. कुठलीही वस्तू खिशात घालताना दुमडू नका, आणि दुमडलीच तर मोजण्याआधी उलगडा. जे तुमचं लाडकं असेल ते पाठ आहे म्हणून सोडू नका, लिहून ठेवा. आणि आत्ता लगेच दंड फुगवून बघा. तो जो पळतोय, तो माझा आहे. मी त्याला ओळखतो, पण माझ्या अंगावर आता तसा पुरावा नाही.

म्हणून मी पुढील अर्ज करत आहे.

प्रति, माननीय संपादक साहेब. विषय: वर्णानुक्रम स्थगित करण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार, खण क्रमांक पाच, सध्याची उंची सव्वापाच इंच, विनंती करतो, की कोणत्याही एका कामकाजाच्या दिवशी, दुपारी चार ते सव्वाचार या वेळेत, इंग्रजी वर्णमाला बंद ठेवण्यात यावी. त्या पंधरा मिनिटांत कोणतंही अक्षर कोणत्याही अक्षराच्या आधी येऊ नये. सदर वेळेत निवृत्त मूळबाईंना कार्यालयात बोलावण्यात यावं, त्यांचा चष्मा त्यांच्या कपाळावर आहे हे त्यांना सांगण्यात यावं, आणि त्यांच्या हातात लाल पेन देण्यात यावं. पुढचं त्यांना पाठ आहे. विलंब झाल्यास ते पाठ राहील याची खात्री अर्जदार देऊ शकत नाही. तरी सदर अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, आणि शक्य झाल्यास तो त्याचा नंबर येण्याआधी व्हावा, ही नम्र विनंती.